लाल बाजू बाहेर

गुण्या म्हणजे सुताराचं ते काटकोनी हत्यार. फळीच्या कोपऱ्याला लावलं की कोपरा सरळ आहे की फसवतोय ते लगेच कळतं. काकांच्या खिशात एक छोटा गुण्या कायम असायचा, पेनाच्या शेजारी, म्हणून त्यांना सगळे गुण्याकाका म्हणायला लागले. आईबापांनी हौसेने ठेवलेलं नाव मागे पडलं ते पडलंच.

नकाशे काढायच्या कचेरीत उभा जन्म गेलेला माणूस. कुणाच्या घरी गेले की आधी दाराची चौकट बघायचे, मग घरच्यांची तोंडं. हॉटेलात बसले की टेबलाच्या कोपऱ्याला गुण्या लावणार आणि पाणी घेऊन आलेल्या वेटरला सांगणार, "चुकलंय." तो बिचारा पाणी घेऊन परत जायचा. काकूंनी तर यांच्याबरोबर बाहेर जायचंच सोडून दिलं होतं. त्या म्हणायच्या, फिरायला नेतो म्हणतात आणि तपासणीला नेतात.

अशा माणसाच्या मेंदूत एके सकाळी रक्ताची गाठ अडकली. उजवं अंग गेलं, बोलणं गेलं, आणि एवढ्या शब्दांमधून एकच शब्द मागे उरला. कुठला उरावा? "बरोबर." आता याला काय म्हणायचं ते तुम्हीच सांगा. "चुकलं" उरला असता तर निदान माणूस तरी ओळखीचा राहिला असता. डॉक्टरांनी काकूंना समजावलं की यांना सगळं कळतंय, शब्दही आत शाबूत आहेत, फक्त बाहेर यायची वाट बंद झाली आहे. जो एक निसटतो तोच निसटत राहणार. आणि मानेवरही विसंबू नका म्हणाले, हो म्हणायचं असेल तेव्हा ती आडवी हलेल आणि नाही म्हणायचं असेल तेव्हा उभी. काकूंनी विचारलं, मग विसंबायचं कशावर? डॉक्टर दुसऱ्या पेशंटकडे गेले.

काकांचा जीव होता छोट्या आगगाडीत. छोटी म्हणजे इंजिन तळहातावर मावेल एवढी. आठ-दहा माणसांचं त्यांचं एक मंडळ होतं. आता प्रत्येकाच्या घरात जागेची बोंब, अख्खी रेल्वे कुणाकडेच मावायची नाही. म्हणून ज्याने त्याने आपल्या घरी एकेक तुकडा बनवायचा. पुस्तकात त्याला मॉड्यूल म्हणतात, ही मंडळी तुकडा म्हणायची. तुकडा म्हणजे चार पायांवरची लांबट, उथळ लाकडी पेटी. तिच्यावर रूळ, आणि रुळाच्या आजूबाजूला ज्याला जे सुचेल ते. कुणाचं स्टेशन, कुणाचा बोगदा, कुणाचं नुसतंच गवत. वर्षातून एकदा आपापला तुकडा घेऊन सगळ्यांनी एका शाळेच्या हॉलमध्ये जमायचं, टोकाला टोक लावून बोल्ट आवळायचे, हॉलभर एक मोठा फेरा पुरा करायचा आणि गाड्या सोडायच्या. तुमच्या तुकड्यावरून निघालेली गाडी औषधवाल्याच्या स्टेशनावरून, बेकरीवाल्या बाईंच्या बोगद्यातून फिरून परत तुमच्याकडे. ज्याला यात काय एवढं असं वाटतं त्याला सांगून उपयोग नाही.

पण हे जुळायचं तर प्रत्येक तुकड्याची दोन्ही टोकं तंतोतंत सारखी हवीत. मधे डोंगर करा, समुद्र करा, टोकाला काकांचं राज्य. उंचीसुद्धा त्यांनीच ठरवलेली, उभ्या माणसाच्या छातीइतकी. औषधवाला एकदा म्हणाला होता की जरा खाली घेऊ, लहान मुलांना काही दिसत नाही. काका म्हणाले, मुलं वाढतात, तोवर स्टूल द्या.

टोकं सारखी यावीत म्हणून काकांनी एक फर्मा केला होता. टोकाच्या फळीच्या मापाचा ॲल्युमिनियमचा पत्रा, त्यात बोल्टसाठी भोकं आणि रूळ कुठून जायचा त्याची खाच. खाच मधोमध नाही, पुढच्या कडेजवळ, कारण लोक पुढून बघतात. फळीवर फर्मा ठेवायचा, त्यातून भोकं पाडायची, खाचेची खूण करायची, झालं काम. पत्र्याची एक बाजू लाल रंगवलेली होती आणि तिच्यावर काकांच्या सुबक अक्षरात लिहिलं होतं, लाल बाजू बाहेर.

आता खरी गोम इथे आहे, नीट ऐका. डाव्या टोकाला फर्मा लावताना लाल बाजू बाहेर, हे खरं. पण उजव्या टोकाला तोच फर्मा उलटा करून लावावा लागतो, लाल बाजू लाकडाकडे. नाहीतर पुढे यायची खाच मागे जाते. डाव्या हाताचा हातमोजा उजव्या हातात घालून बघा म्हणजे कळेल. काकांना हे इतकं अंगवळणी पडलेलं की लिहावंसं कधी वाटलंच नाही. मंडळातल्या बाकीच्यांना त्यांनी तोंडी शिकवलं होतं, शेजारी उभं राहून, चुकलं चुकलं करत. लिहिलं मात्र अर्धंच.

आणि माप हुकलं की गय नाही. गेल्या वर्षी बेकरीवाल्या बाईंचा तुकडा काडेपेटीतल्या काडीएवढा हुकला. बाई रडकुंडीला आल्या. औषधवाला मधे पडला, "काका, एवढ्याने काय होतंय, घासून बसवू." काका म्हणाले, "आज काडी, उद्या काठी. बाहेर." बाईंचा तुकडा दिवसभर भिंतीला टेकून उभा होता. बाई मात्र घरी गेल्या नाहीत, बाकीच्यांना केक वाटत बसल्या. त्या वर्षी एकही गाडी घसरली नाही, हेही तितकंच खरं.

दवाखान्यातून घरी आल्यावर काकांची खुर्ची खिडकीशी लागली आणि काकूंच्या मागे सगळंच लागलं. औषधं, व्यायाम, आंघोळ, भरवणं. त्यात एक दिवस काकू मागची खोली झाडायला गेल्या आणि काकांचा अर्धवट तुकडा हातात घेऊन बाहेर आल्या. पेटी ठोकून झाली होती, टोकांना भोकं पडायची होती. काकूंनी तो खुर्चीपुढे ठेवला, पदर खोचला आणि म्हणाल्या, "यंदा रांगेत तुमची जागा रिकामी राहणार नाही. मी करते. तुम्ही फक्त बघा."

काकू म्हणजे बालवाडीच्या बाई. कागद, कात्री, डिंक, रंग यात हयात गेलेली. पण आगगाडीला त्यांनी आजवर हात लावला नव्हता, त्यांच्या लेखी ती केर करणारी वस्तू होती. काकांनी डाव्या हाताने खुर्चीचा दांडा धरला. आनंदाने की भीतीने ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

डावं टोक काकूंनी असं केलं की काकांना खोट काढायला जागा नव्हती. फर्मा बसवला, लाल बाजू बाहेर, चिमटे लावले, ड्रिल धरलं. भोकं स्वच्छ पडली. "हे असंच ना?" काकूंनी विचारलं. "बरोबर," काका म्हणाले, आणि ते खरोखरच बरोबर होतं.

मग काकूंनी पेटी फिरवली आणि उजव्या टोकाला फर्मा ठेवला. लाल बाजू बाहेर.

काकांनी डावा हात खुर्चीच्या दांड्यावर आपटला. काकूंनी वर बघितलं. "काय हवंय? पाणी?" काकांनी बोट दाखवलं. बोट फर्म्याकडे दाखवायचं होतं, ते फर्मा, टेबल, कपाट असं सगळीकडे फिरून आलं. काकूंनी कपाट उघडून दाखवलं. टेबलावरची औषधाची बाटली दाखवली. शेवटी त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी चिमटे सोडवून फर्मा काकांच्या हातात दिला. काकांनी जीव एकवटून तो मांडीवर उलटा केला. लाल बाजू खाली. हे एवढंच सांगायचं होतं. त्यांनी काकूंकडे बघितलं, आणि त्याच वेळी पत्रा मांडीवरून घसरून खणकन जमिनीवर पडला, लाल बाजू वर.

काकूंनी तो उचलला, त्याच्यावरची अक्षरं बोटाने पुसली आणि म्हणाल्या, "अहो, वाचता येतं मला. लाल बाजू बाहेर. तुम्हीच लिहिलंय ना? मग काळजी कसली करता?"

काका म्हणाले, "बरोबर."

"मग झालं तर," काकू म्हणाल्या आणि ड्रिल सुरू केलं.

तेवढा वेळ काकांनी खिडकीबाहेर बघितलं. पण बघायची गरजच नव्हती, एकेक भोक कुठे पडतंय ते त्यांना आवाजावरून कळत होतं. आपलं घर जळताना आपल्यालाच खुर्चीला बांधून ठेवावं तसं झालं त्यांचं. संध्याकाळी जेवताना त्यांनी तोंड फिरवलं. काकूंना वाटलं, मीठ जास्त झालं.

पुढे व्हायचं तेच झालं. डावीकडे रूळ पुढच्या कडेपाशी आणि उजवीकडे मागच्या कडेपाशी, मधे वीतभर फरक. काकू रूळ हातात घेऊन जरा बुचकळ्यात पडल्या. काकांच्या सगळ्या तुकड्यांवर रूळ कडेला धरून सरळसोट जायचा, हे त्यांनी झाडू मारता मारता पाहिलेलं होतं. काकांना आशा वाटली की आता हिच्या लक्षात येणार. पण काकू उलट खूष झाल्या. "असं होय. वळण आहे यंदा. म्हणून बसल्या बसल्या हसत होता वाटतं." काका हसत नव्हते. त्यांचं तोंडच डावीकडे ओढलं गेलेलं होतं.

मग काकूंनी त्या तिरकेपणाचं असं काही केलं की ते सांगायला हवं. रूळ त्यांनी हळुवार वाकवत नेला, आधी थोडा पुढे रेंगाळून मग मागे वळणारा. पुढे जी जागा मोकळी झाली तिथे तळं केलं. काचेवर तीनदा वार्निश दिलं तेव्हा कुठे पाणी त्यांच्या मनासारखं ओलं दिसलं. काठाला ब्रशाच्या केसांचं गवत. तळ्याच्या कडेने कुंपण, आणि कुंपणाशी वाकून उभा एक तारेचा माणूस, नखाएवढा, हातात त्याहून इवला गुण्या. "ओळखलंत का कोण ते?" काकूंनी विचारलं. "कुंपण तिरकं आहे म्हणतोय मेला."

काका हसले. या वेळी खरंच हसले, अर्ध्या तोंडाने.

आणि गंमत बघा, रोज खुर्चीतून त्या तळ्याकडे बघता बघता काकांना ते वळण आवडायला लागलं. पहिल्यांदा ते स्वतःवरच चडफडले. मग सवय झाली, मग सकाळी उठल्यावर नजर आधी तिकडेच जायला लागली. आपण इतकी वर्षं कडेला धरून सरळ रूळ टाकत बसलो आणि गाडीला कधी तळ्याशी रेंगाळू दिलं नाही, असं त्यांना वाटायचं. हे काकूंना सांगावं म्हणून त्यांनी किती वेळा तोंड उघडलं असेल. काकू म्हणायच्या, "हो, बरोबर, माहितीये मला."

फक्त एक गोष्ट त्यांना आतून कुरतडत होती. हा तुकडा रांगेत बसणार नाही. काकूंना ठाऊक नव्हतं, त्यांना ठाऊक होतं. ती हौसेने जाणार, सगळ्यांपुढे तो उभा करणार, आणि मग. मग पुढे काका विचारच करायचे नाहीत.

हॉलमध्ये काकांची खुर्ची आली तेव्हा सगळे हातातलं टाकून भेटायला आले. औषधवाल्याने वाकून हात हातात घेतला. तुकडे आधीच उभे राहत होते, आणि काकांना त्यातलं वरचं काहीच दिसत नव्हतं. छातीइतकी उंची, उभ्या माणसाच्या. खुर्चीत बसलेल्याच्या वाट्याला पाय, बोल्ट, लोंबणाऱ्या वायरी आणि लोकांच्या पँटी. कुणीतरी बाजूला लहान मुलांसाठी ठेवलेलं स्टूल काकांच्या नजरेसमोर होतं. त्यांनी नजर दुसरीकडे वळवली.

काकूंनी तुकड्यावरची चादर काढली. वरून आवाज आले ते काकांनी ऐकले. बेकरीवाल्या बाई म्हणाल्या, "अगं बाई, पाणी खरंच आहे का हे?" कुणी म्हणालं, तो कुंपणापाशी काका बघा, काका. सगळे हसले. काकू लाजल्या असणार, काकांना त्यांच्या चपला तेवढ्या दिसल्या, जागच्या जागी चुळबुळणाऱ्या.

मग औषधवाल्याने मंडळाकडचा दुसरा, तसाच फर्मा काढला. हल्ली तपासणी त्याच्याकडे होती. डाव्या टोकाला लावला, चोख. उजव्या टोकाला लावला, काढला, परत लावला.

"काकू," औषधवाला म्हणाला, "हे टोक उलटं झालंय."

"असं कसं?" काकू म्हणाल्या. "लाल बाजू बाहेर ठेवली होती. दोन्हीकडे."

मग औषधवाल्याने त्यांना समजावलं, हातमोज्यासारखं, हळू आवाजात. काकूंना एका क्षणात कळलं. तुकडा जोडला तर पुढची सगळी रांग वीतभर मागे जाणार आणि फेऱ्याचं शेवटचं टोक पहिल्याला भेटणार नाही. कुणी सुचवलं, टोक कापून नवीन लावू. पण टोक कापायचं म्हणजे वळण कापायचं, आणि तळंही. बेकरीवाल्या बाई म्हणाल्या, "यंदा फेरा नको पुरा. सरळ रांग लावा, गाडी जाईल आणि येईल. काकूंचा तुकडा शेवटी लावू. काय बिघडतंय?"

घ्या, काकांना म्हणायचं होतं. घ्या, काहीही बिघडत नाही. माझा नियम, मीच मोडतो.

औषधवाला खाली वाकला, चवड्यावर बसला आणि त्यांच्या डोळ्यांत बघून बोलला. माणूस मनाने चांगला होता, हे विसरू नका. "काका, नियम तुमचा. तो तुमच्यामुळे इतकी वर्षं टिकला. आज तुम्ही आजारी म्हणून आम्ही तो वाकवला तर तुम्हाला ती दया वाटेल. तुम्हाला कुणी दया दाखवलेली चालणार नाही, आम्हाला माहितीये. तुकडा बाहेर ठेवतो. बरोबर ना?"

घ्या. एवढासा शब्द, अंगठा चोखणारं पोरसुद्धा बोलतं. काकांनी दात आवळले, मग सोडले, जीभ टाळूला लावली, घशातून तो घ वर ढकलला. कपाळावरची शीर फुगली. सगळे वाट बघत होते. काकू वाट बघत होत्या.

"बरोबर," काका म्हणाले.

त्यांनी मान हलवली, जोरात. मान उभी हलली. त्यांनी डाव्या हाताने औषधवाल्याची बाही पकडली आणि सोडेनात. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तो त्यांचा हात थोपटत म्हणाला, "कळलं काका. कळलं." आणि एकेक बोट हलकेच सोडवून घेतलं.

"नियम म्हणजे नियम," काकू हसत सगळ्यांना म्हणाल्या. "मला का नवीन आहे? संसार केलाय मी या नियमाशी." आणि चादर तुकड्यावर परत टाकायला लागल्या. गेल्या वर्षी बेकरीवाल्या बाईंचा तुकडा जिथे होता त्याच भिंतीशी तो गेला. रांगेतल्या जागेवर मंडळाचा एक साधा, नुसत्या रुळाचा तुकडा बसला आणि फेरा पुरा झाला. गाड्या सुटल्या. काकांच्या डोक्यावरून त्या दिवसभर जात राहिल्या, खडखड आवाज करत, आणि एकही घसरली नाही.

घरी आल्यावर तुकडा ठेवायला जागाच नव्हती, मागच्या खोलीत काकांसाठी नवा पलंग आला होता. काकूंनी त्याचे पाय काढले आणि तो जेवायच्या टेबलावर ठेवला. काकांचं इंजिन कपाटातून काढलं, वायरी जोडल्या. इंजिन डाव्या टोकावरून निघालं, पुढे रेंगाळलं, तळ्याशी वळलं, तारेच्या माणसामागून गेलं आणि उजव्या टोकाशी थांबलं. पुढे काहीच नव्हतं. काकूंनी बटण उलटं फिरवलं, ते परत आलं.

जेवायच्या टेबलाची उंची खुर्चीतल्या माणसाच्या छातीशी येते. काकांना त्या तुकड्यावरून जाणारी गाडी पहिल्यांदाच दिसली, गवताच्या मागून येणारं इंजिन, पाण्यात त्याची उलटी सावली. इतकं देखणं काम त्यांच्या हातून कधी झालं नव्हतं, मंडळात कुणाच्याच हातून झालं नव्हतं. काकू शेजारी उभ्या होत्या. त्यांनी विचारलं नाही, पण काकांना सांगायचं होतं. त्यांनी काकूंचं मनगट धरलं, इंजिनाकडे बघितलं, काकूंकडे बघितलं, आणि त्यांच्याकडे असलेला तो एकच शब्द मनापासून म्हणाले.

"बरोबर."

काकूंनी मनगट सोडवून घेतलं नाही. इंजिन तळ्याशी आलं तेव्हा बटण बंद केलं आणि म्हणाल्या, "हो. तिथेही तुम्ही हेच म्हणालात."

मग त्या ताटं कुठे मांडायची ते बघायला लागल्या.